लहानग्यांची उन्हाळी चित्रकला: या चुका टाळा

सुट्टी लागली की दीड ते पाच वर्षांच्या मुलांसाठी हौसेने रंग आणले जातात आणि आठवडाभरात ती पेटी माळ्यावर जाते. "आमच्याकडे आवडच नाही हो त्याला," असं मला दरवर्षी कुणीतरी सांगतं. खोदून विचारलं की कळतं, आवड भरपूर होती. घाई मोठ्यांना होती. सुट्टीत माझ्या घरी बरीच वर्षं मुलं रंगवायला येतात. त्यांच्याबरोबर त्याच त्या चुकाही येतात, म्हणून एकदा लिहूनच काढते.

"हे बघ, असा मासा काढ"

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती मी स्वतः केलेली आहे. माझी भाची तेव्हा तीन वर्षांची होती. हात मोकळा चालायचा तिचा. गोल गोल गिरगोट्या काढायची, मध्येच थांबून म्हणायची "हा पाऊस". थोड्या वेळाने त्याच गिरगोट्याची आत्या व्हायची. एका दुपारी मी तिच्या कागदाच्या कोपऱ्यात नीटनेटका मासा काढून दाखवला. डोळा, खवले, शेपूट, सगळं जागच्या जागी. तिने तो बराच वेळ पाहिला. मग स्वतः काढायला गेली, तसा जमला नाही, आणि तिने खडू माझ्या हातात दिला. "तू काढ."

पुढचे तीन आठवडे कागद पुढे ठेवला की तिचं पहिलं वाक्य हेच. मी मुद्दाम वाकडंतिकडं काढून पाहिलं, शाबासकी देऊन पाहिली, काही उपयोग झाला नाही. शेवटी मी तिच्या शेजारी बसून माझ्या कागदावर नुसते ठिपके द्यायला लागले. आकार नाही, नाव नाही, फक्त टप टप. चौथ्या दिवशी तिने ठिपके दिले, मग त्यांच्याभोवती गोल फिरवला. तेव्हापासून लहान मुलाच्या कागदावर मी हात लावत नाही. सोबत करायची असेल तर माझा कागद वेगळा.

गिरगोट्या म्हणजे चित्र न जमणं, असं अनेकांना वाटतं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण २ ते ४ वर्षं हा गिरगोट्यांचाच काळ आहे. ओळखू येणारी माणसं त्यानंतर उगवतात, तीही बहुधा डोक्यालाच थेट पाय फुटलेली. त्यांना पोट आणि मान काढून देऊ नका. "हे काय काढलंस?" असंही विचारू नका, कारण त्या क्षणापर्यंत ते काहीच नसतं आणि मूल बिचारं उत्तर शोधत बसतं. "मला सांग ना याबद्दल" एवढं म्हटलं की पुरतं. आणि छापील चित्रात रेषेच्या आत रंग भरायला लावणं या वयात मला अजिबात मान्य नाही.

सगळे रंग एकदम

सहा बाटल्या समोर ठेवल्या की पाच मिनिटांत सगळा कागद मातकट होतो, मूल हिरमुसतं आणि आई म्हणते, "बघ, घाण केलीस." लाल, पिवळा आणि निळा एकत्र आले की तपकिरीच होणार, त्यात मुलाची काय चूक? मी एका वेळी दोनच रंग देते. आज पिवळा आणि निळा, उद्या पिवळा आणि लाल. हिरवा किंवा नारिंगी त्याच्या हाताखाली आपोआप उमटतो. तेव्हा त्याचा चेहरा बघायचा असतो, आपण आधीच "आता हिरवा होणार बरं का" असं सांगून टाकायचं नसतं. पोस्टर कलरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घातले की कपड्यावरून रंग लवकर निघतो. खाण्याचा रंग मात्र कातडीला आणि कापडाला जास्त धरतो, तो "सुरक्षित" म्हणून वाटीभर ओतू नका.

ब्रश जाड आणि आखूड दांडीचा घ्या. या वयात रेघ मनगटातून नाही, खांद्यातून येते, त्यामुळे वहीचं पान पुरत नाही. मोठा पुठ्ठा घ्या आणि चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के करा. कागद हातासोबत सरकायला लागला की मूल चिडतं. ओला फडका आणि जुने कपडे रंग उघडण्याआधी तयार ठेवा, नंतर धावाधाव नको.

हाताचे ठसे उन्हात वाळवणं

घाईची शिक्षा इतकी लगेच दुसरीकडे कुठे दिसत नाही. मिठाच्या पिठाचे ठसे सगळ्यांनाच हवे असतात: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, जेमतेम वाटीभर पाणी. एका सुट्टीत सात मुलांचे ठसे घेतले. संध्याकाळी आया न्यायला येणार म्हणून मी ते भर उन्हात गच्चीवर ठेवले. दुपारी पाहिलं तर वरून कडक पापुद्रा आणि आत ओला गोळा. बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, आतला आकसत नाही, आणि तडा नेमका तळहातातून जातो. सातपैकी पाच ठसे गेले. एक मुलगा आपला फुटलेला हात जोडत बसला होता, ते मी विसरलेली नाही.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. पोळपाटावर लाटून पाऊण सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवत नाही. जाळीवर, सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस वाळवते आणि सकाळ-संध्याकाळ उलटते. पूर्ण वाळल्याशिवाय रंग नाही. "ओव्हनमध्ये पटकन होईल का?" असं विचारणाऱ्यांना मी नाही म्हणते, कारण पटकन करणाऱ्याच्या हातून तो मोठ्या आचेवरच जातो आणि फुगतो. हे पीठ चाखू देऊ नका. इतकं मीठ लहान पोटाला घातक असतं आणि कच्चं पीठही खाण्यासारखं नसतं.

पाण्याचा रंग

उन्हाळ्यातला माझा सगळ्यात लाडका उद्योग म्हणजे वाटीभर साधं पाणी, मोठा ब्रश आणि उन्हातली फरशी. काढलेलं उडून जातं, मूल पुन्हा काढतं. "यात कला कुठे आहे?" असं लोक विचारतात. रंगाची धास्ती नाही म्हणून हात इथे सगळ्यात मोकळा सुटतो, म्हणून मी नव्या मुलाची सुरुवात इथूनच करते. सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. दुपारची फरशी पायाला चटके देते, आधी आपला तळहात टेकवून बघा.

पाणी बादलीत नको. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि आवाज न होता. खेळ संपला की भांडं तिथल्या तिथे ओतून द्यायचं. फोन वाजला तर मुलाला घेऊन आत जायचं. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

रंगीत बर्फाने रंगवायचं असेल तर साचा मोठा घ्या आणि आत काडी गोठवा, सुटा खडा तोंडात गेला की घशात अडकतो. फ्रिजरमधून काढल्यावर पाच मिनिटं थांबा, नाहीतर बर्फ ओल्या बोटाला चिकटतो.

मणी, बटणं, चिकटवायचे डोळे तीन वर्षांखालच्या मुलासमोर नकोतच. पाण्यात फुगणारे मणी तर घरातच आणू नका, गिळले तर पोटात फुगतात.

रंगीत कागदावर पान ठेवून उन्हाने छाप उमटवायचा असेल, तर गडद आणि स्वस्तातला कागद घ्या, त्याचाच रंग लवकर उडतो. पान सपाट दगडांनी दाबून ठेवा आणि कडक उन्हात काही तास हलवू नका. दर दहा मिनिटांनी पान उचलून पाहिलं की कडा पुसट येतात. मुलाला उचलून बघायचंच असतं, म्हणून मी शेजारी त्याच्यासाठी दुसरा कागद आणि दुसरं पान ठेवते. ते त्याने हवं तितक्या वेळा उचलावं.