वर्गातला प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटर: या चुका टाळा

‘प्रोजेक्टर बिघडलाय, कुणाला तरी पाठवा’ असा फोन वर्गातून येतो तेव्हा बहुतेक वेळा प्रोजेक्टर ठणठणीत असतो. बिघडलेली असते एखादी सेटिंग, आणि तीही घाईघाईत दाबलेल्या बटणांमुळे. चित्र दिसत नाही म्हटल्यावर सर रिमोटवरची चार बटणं दाबतात, तोवर पहिल्या बाकावरचा एखादा उत्साही विद्यार्थी केबल काढून परत लावतो, तिसरा कुणी लॅपटॉपच रीस्टार्ट करतो. पाच मिनिटांनी मूळ अडचण काय होती, हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा पथ्य एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर पाच-दहा सेकंद हात बांधून उभे राहा. नवा सिग्नल ओळखायला प्रोजेक्टरला तेवढा वेळ लागतो.

चूक: ‘नो सिग्नल’ दिसलं की घाबरणं

पडद्यावर निळा किंवा काळा चौकोन आणि त्यात ‘नो सिग्नल’ ही अक्षरं दिसत असतील तर ती खरं म्हणजे चांगली बातमी आहे. वीज आहे, दिवा चालू आहे. फक्त लॅपटॉपकडून चित्र पोचत नाहीये. आता चित्राचा रस्ता एका टोकापासून तपासत यायचा.

सगळ्यात आधी सोर्स. रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ नावाचं बटण असतं. आधीच्या तासाला कुणी व्हीजीए (जुन्या पद्धतीची केबल) वापरलं असेल आणि तुम्ही एचडीएमआय (नव्या पद्धतीची) लावलं असेल, तर प्रोजेक्टर बिचारा भलत्याच दारात वाट बघत उभा असतो. मग केबल. लॅपटॉपच्या बाजूचं टोक सगळे बघतात, पोडियमवरच्या किंवा भिंतीवरच्या सॉकेटमधलं टोक मात्र कुणी बघत नाही, आणि सैल असतं ते नेमकं तेच.

इथवर सगळं ठीक असेल तर विंडोजचं बटण दाबून ठेवून पी दाबा. चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉपची स्क्रीन, डुप्लिकेट, एक्सटेंड आणि फक्त दुसरी स्क्रीन. पहिला पर्याय निवडलेला असेल तर प्रोजेक्टरकडे काहीच जात नाही. चौथा निवडला गेला तर लॅपटॉप काळा पडतो आणि लॅपटॉपच बंद पडला असं वाटतं. तसं काही झालेलं नसतं. विंडोज आणि पी पुन्हा दाबून दुसरा पर्याय निवडा. मॅकवर हेच काम सिस्टिम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेजमध्ये होतं.

तरीही काही नाही? विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, एक बारीक आवाज येतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र सांभाळणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. उघडलेल्या फाइल जशाच्या तशा राहतात. रीस्टार्ट हा शेवटचा उपाय, आणि तो करताना केबल लावलेलीच ठेवा.

रिमोटवरची दोन बटणं विशेष फसवी आहेत. एक ‘फ्रीझ’. हे चुकून दाबलं गेलं की पडद्यावरचं चित्र थिजतं. लॅपटॉपवर तुम्ही स्लाइड पुढे नेता, मुलांना मात्र जुनीच दिसत राहते, आणि सगळे म्हणतात ‘हँग झालं’. दुसरं ‘एव्ही म्यूट’ किंवा ‘ब्लँक’. त्याने चित्र आणि बहुधा आवाजही जातो. काही प्रोजेक्टरवर हेच काम लेन्ससमोरची सरकती झडप करते. दिवा चालू, पंख्याचा आवाज येतोय, पण पडद्यावर ‘नो सिग्नल’सुद्धा नाही, अशा वेळी आधी या दोन बटणांकडे आणि त्या झडपेकडे बघा.

चूक: ‘कन्व्हर्टर असेलच तिकडे’

नसतो. असला तरी आधीच्या तासाला कुणीतरी खिशात घालून नेलेला असतो. आपला कन्व्हर्टर आपल्या बॅगेत असावा.

पण कोणता, हे नीट बघून घ्या. व्हीजीए हे १९८७ मध्ये आयबीएमने आणलेलं पंधरा पिनांचं अ‍ॅनालॉग कनेक्शन, आणि जुन्या वर्गांत ते अजूनही भिंतीतून बाहेर डोकावत असतं. एचडीएमआय डिजिटल आहे. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जायला मधे इलेक्ट्रॉनिक्स लागतं आणि ते एकाच दिशेने चालतं. एचडीएमआयवरून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर उलटा लावून व्हीजीएचा लॅपटॉप एचडीएमआयच्या प्रोजेक्टरला जोडता येत नाही. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच असतात, म्हणून घेताना दिशा विचारा.

टाइप-सीच्या बाबतीत घोळ आणखी मोठा आहे. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून चित्र बाहेर पडेलच असं नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. चित्रासाठी त्या पोर्टला डिस्प्लेपोर्टची सोय असावी लागते. पोर्टशेजारी छोटं डीपी चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज कोरलेली असेल तर निर्धास्त राहा. केबलचंही तसंच. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या केबलमधून सहसा चित्र जात नाही. ही परीक्षा तासाच्या आदल्या दिवशी, त्याच वर्गात घ्या.

चित्र गुलाबी, पिवळं किंवा निळसर का दिसतं?

दिवा गेला, प्रोजेक्टर जुना झाला, असं बोललं जातं. व्हीजीएवर असाल तर आधी पिना बघा. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग पहिल्या तीन पिनांमधून वेगवेगळे येतात. निळ्याची पिन वाकली किंवा तार तुटली की पांढरा भाग पिवळा दिसतो. हिरवा गेला की गुलाबी-जांभळा, लाल गेला की आकाशी. केबल काढून उजेडात धरली तर वाकलेली पिन दिसतेच. मात्र पंधरा जागांपैकी एखादी पिन मुळातच नसली तर दचकू नका. काही केबलना एक पिन कमी असते. वाकलेली पिन चिमट्याने हळूच सरळ होते, पण जोर लावला की तुटते. ते काम तंत्रसहाय्यकाला करू द्या. केबल लावताना तिरकी घालून मग स्क्रू आवळण्याची सवय सोडली, तर पिना वाकतच नाहीत.

चूक: पीपीटी घरच्या लॅपटॉपवर बघून निश्चिंत होणं

घरी देखणी दिसणारी पीपीटी वर्गातल्या कॉम्प्युटरवर विस्कटते याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण फॉन्ट, आणि मराठीत शिकवणाऱ्यांना त्याचा फटका जास्त बसतो. जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्याच स्वरूपात साठवलेला असतो. त्यावर मराठी अक्षरांचा मुखवटा चढवण्याचं काम फॉन्ट करतो. वर्गातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि पडद्यावर अगम्य चिन्हांचा खच दिसतो. उपाय सरळ आहे: नवा मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. निर्मला यूआय, मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी कोणताही फॉन्ट घ्या. तो समोर नसला तरी कॉम्प्युटर दुसरा देवनागरी फॉन्ट वापरून वेळ निभावून नेतो, फार तर ओळी खालीवर होतात. जुन्या पीपीटीची पीडीएफ करून सोबत ठेवा. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह असं गेलं की फॉन्ट फाइलमध्येच भरून ठेवण्याची सोय आहे, पण फॉन्टच्या परवान्यात ते चालत नसेल तर तो भरला जात नाही.

दुसरं कारण आकार. पॉवरपॉइंट २०१३ पासून नवी पीपीटी १६:९ अशी रुंद उघडते. जुना प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा, म्हणजे ४:३ असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. तो बिघाड नव्हे. माणसं लांबुडकी किंवा बसकी दिसत असतील तर मात्र प्रोजेक्टरच्या मेनूत ‘आस्पेक्ट’ कुणीतरी बदललंय असं समजा. ऐनवेळी स्लाइडचा आकार बदलण्याच्या फंदात पडू नका, सगळ्या आकृत्या जागा सोडतात.

तिसरं कारण व्हिडिओ. तो पीपीटीत भरलेला आहे की नुसता जोडलेला, हे बघा. जोडलेला असेल तर व्हिडिओची फाइलही त्याच फोल्डरमध्ये न्यावी लागते. यूट्यूबच्या भरवशावर असाल तर वर्गातलं इंटरनेट आदल्या दिवशी तपासा. काही सशुल्क स्ट्रीमिंग सेवांचे व्हिडिओ प्रोजेक्टरवर काळे दिसतात आणि आवाज मात्र येत राहतो. ती नक्कल रोखण्याची तजवीज असते. तिथे केबल बदलून उपयोग होईलच असं नाही, दुसरा व्हिडिओ हाताशी ठेवा.

आणि एक मजेशीर प्रकार. एक्सटेंडवर असताना मुलांना तुमच्या टिपणांसकट प्रेझेंटर व्ह्यू दिसतो आणि तुमच्या समोर नुसती स्लाइड. पुढचा प्रश्न तुम्ही विचारण्याआधीच मुलं उत्तर सांगू लागली की समजावं, पडदे उलटे झालेत. प्रेझेंटर व्ह्यूमधल्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘स्वॅप’चा पर्याय आहे, एका क्लिकचं काम. घरी एकाच स्क्रीनवर याचा सराव करायचा असेल तर आल्ट आणि एफ५ दाबा.

फळ्यावर काही लिहायचं असेल तर प्रोजेक्टर बंद करू नका. स्लाइड शो चालू असताना बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की स्लाइड हजर. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं. प्रश्नोत्तरांच्या वेळी चाळीस स्लाइड मागे पळवत नेण्यापेक्षा हे बरं.

आवाज कुठे गेला?

एचडीएमआय लावलं की लॅपटॉप बहुधा आवाजही तिकडेच पाठवतो. प्रोजेक्टरचा स्पीकर इवलासा असतो किंवा त्याचा आवाज शून्यावर असतो, आणि वर्गातले मोठे स्पीकर मुके राहतात. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून बाहेर पडावा ते निवडा. व्हीजीएतून आवाज जातच नाही. तिथे हेडफोनच्या भोकातून वेगळी केबल लागते. माइक शिट्टी मारत असेल तर स्पीकरच्या समोरून बाजूला व्हा. माइकचं डोकं मुठीत धरलं की शिट्टी वाढते.

चूक: काळ्या स्लाइडवर बारीक अक्षरं

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. जिथे काळं दाखवायचं तिथे तो शक्य तेवढा उजेड अडवतो, बस. म्हणजे तुमचा काळा हा त्या वर्गातल्या पडद्याच्या उजेडाइतकाच काळा. खिडक्या उघड्या आणि ट्यूब चालू असल्या तर काळी पार्श्वभूमी करडी होते आणि तिच्यावरची गडद निळी, लाल अक्षरं विरघळून जातात. उजेडाच्या वर्गात पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवा. पडद्याजवळची ट्यूब बंद करा, मागच्या चालू राहू द्या. मुलांना लिहायचंही असतं. अक्षरं वाचता येतात का हे शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः बघा. पुढे उभं राहून ‘दिसतंय ना?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात.

चित्र वर रुंद आणि खाली अरुंद दिसत असेल तर ‘कीस्टोन’ने ते सरळ होतं, पण त्यासाठी चित्राचा काही भाग आकसून घ्यावा लागतो आणि अक्षरं मऊ होतात. टेबलावरचा प्रोजेक्टर आधी पडद्यासमोर सरळ ठेवा, मग उरलेलं कीस्टोनवर सोपवा. छताला टांगलेल्याला हात लावू नका.

चूक: तास संपला की बोर्डवरचं बटण बंद

ही सगळ्यात महागात पडणारी सवय. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा, जबरदस्त दाबाखाली तापणारा दिवा असतो. रिमोटने बंद केल्यावर काही वेळ पंखा चालू राहतो तो हा दिवा थंड करायला. बोर्डवरूनच वीज तोडली की पंखा थांबतो आणि उष्णता आत कोंडते. अनेक नव्या मॉडेलमध्ये यातून सुटका केलेली असते, पण आपल्या वर्गातलं मॉडेल कोणतं हे माहीत नसेल तर पंखा थांबेपर्यंत थांबावं. वीज गेली आणि लगेच आली तर प्रोजेक्टर सुरू होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. तापलेला दिवा थोडा निवल्याशिवाय पेटत नाही. तोवर फळ्यावर शिकवा.

अर्ध्या तासात आपोआप बंद पडणारा प्रोजेक्टर बहुधा धुळीने बेजार झालेला असतो. जाळीत धूळ साचली, हवा आत जाईना, की तो स्वतःला वाचवायला बंद होतो. त्याच्या जाळीसमोर पुस्तकांचा गठ्ठा ठेवलेला असेल तर आधी तो हलवा.

निघण्यापूर्वी

वर्गातल्या कॉम्प्युटरवर मेल उघडला असेल तर लॉग आउट करा. नुसती खिडकी बंद केल्याने भागत नाही, पुढच्या तासाच्या सरांना तुमचा इनबॉक्स दिसतो. मार्कांची यादी डेस्कटॉपवर ठेवून जाऊ नका. उलट, काही कॉम्प्युटर रीस्टार्ट झाल्यावर सगळं पुसून मूळ स्थितीत येतील असे लावलेले असतात, त्यामुळे तिथे सेव्ह केलेली फाइल उद्या सापडेलच असं धरू नका. पडद्यालाच फळा समजून कुणी पर्मनंट मार्करने लिहिलं तर कापडी पडदा वाया गेला. पांढऱ्या बोर्डावर लिहिलं असेल तर त्याच अक्षरांवरून बोर्ड-मार्कर फिरवून लगेच पुसा, बरंचसं निघतं.

आणि फोन करायचाच झाला तर ‘चालत नाहीये’ एवढंच सांगू नका. खोलीचा क्रमांक, पडद्यावर नेमकी कोणती अक्षरं आहेत, केबल कोणती लावली आहे आणि प्रोजेक्टरवरचा कोणता दिवा लाल आहे, हे सांगा. तो लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजा. दिवा, तापमान की पंखा, हे कित्येक मॉडेल त्या लुकलुकण्यातूनच सांगतात, आणि येणारा माणूस योग्य तो सुटा भाग घेऊन येतो.