क्रोमला पार्ट देण्याआधी काय काय उरकून घ्यायचं

घरी गाडी बांधताय आणि बंपर, हेडलाइटच्या रिंगा, आरशांचे दांडे क्रोमला द्यायची वेळ आलीये, तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. वरचा क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, गंजापासून वाचवतं ते त्याच्याखालचं निकेल, आणि बिलातला मोठा हिस्सा या दोन्हींवर जात नाही, तो जातो मुलाम्याआधीच्या घासण्या-बफिंगच्या मजुरीवर. त्यामुळे प्लेटरला, म्हणजे मुलामा देणाऱ्याला, नुसतं क्रोमचे किती घेणार असं विचारू नका, निकेल किती मायक्रॉन देणार, एकेरी की दुहेरी, खाली तांब्याचा थर आहे का, पॉलिश कोण करणार, हे सगळं विचारा आणि कागदावर घ्या. गाडीच्या आत डॅशबोर्डवर बसणाऱ्या पार्टला 10 मायक्रॉन निकेल पुरतं, पण बाहेर पाणी-चिखल खाणाऱ्या पार्टला 30 ते 40 हवं आणि तेही दुहेरी, म्हणजे खाली सेमी-ब्राइट (कमी चकाकीचं) आणि वर ब्राइट (चकचकीत) निकेल, कारण खालच्या थरात गंधक जवळपास नसतं, मग गंज वरच्या थरात आडवा पसरतो आणि लोखंडापर्यंत उतरायला त्याला खूप वेळ लागतो. स्वस्त काम आणि चांगलं काम डिलिव्हरीच्या दिवशी अगदी सारखंच चमकतं, तिथेच लोक फसतात.

मग पार्टांचे ढीग करा. पहिला ढीग क्रोम अजिबात करायचा नाही असा, आणि इथे हट्ट करू नका. सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, 12.9 ग्रेडचे, म्हणजे खूप कडक स्टीलचे बोल्ट, स्टिअरिंगचे आर्म. ॲसिडमध्ये आणि मुलाम्याच्या टाकीत हायड्रोजन सुटतो, तो कडक स्टीलमध्ये शिरतो आणि पार्ट ठिसूळ होतो, वरून काहीच दिसत नाही आणि लोड आला की एक दिवस सरळ तुटतो. मुलाम्यानंतर लगेच 200 डिग्रीच्या आसपास काही तास भट्टीत ठेवून हायड्रोजन काढतात खरं, पण नुसत्या दिसण्यासाठी स्टिअरिंगच्या पार्टवर ही जोखीम मी कधीच घेणार नाही. इंजिनला लागून असलेले एक्झॉस्टचे पाइपही बाजूला ठेवा, उष्णतेने ते पिवळे-निळे पडतातच, त्यांना सिरॅमिक कोटिंग बरं. आणि साधे सरळ दांडे, पट्ट्या असतील तर स्टेनलेसच्या करून पॉलिश करा, त्यावर थरच नाही तर सोलून निघणार काय.

उरलेले पार्ट कच्चेच गाडीवर चढवून बघा. सगळी भोकं, सगळं वेल्डिंग, सगळं वाकवणं आधी, मुलामा सगळ्यात शेवटी. माझ्याच गाडीच्या हेडलाइट ब्रॅकेटचं भोक क्रोम होऊन आल्यावर दीड-दोन मिलिमीटर सरकलेलं निघालं, मी घाईत गोल कानस घेऊन ते लांबवलं, आणि काही महिन्यांत त्या भोकाच्या कडेने तपकिरी रेघ उतरायला लागली, नखाने खरवडलं तर निकेलचा पापुद्रा कागदासारखा उचलला गेला. तो ब्रॅकेट पूर्ण उतरवून, जुना थर काढून, परत पहिल्यापासून करावा लागला, म्हणजे मजुरी दुप्पट. वेल्डमध्ये बारीक छिद्रं राहिली तर त्यात ॲसिड अडकतं आणि नंतर पाझरत राहतं, म्हणून वेल्ड भरीव हवा आणि नळीच्या पार्टला दोन्ही टोकांशी न दिसणाऱ्या बाजूला निचऱ्याचं भोक हवं.

आटे विसरू नका. थर प्रत्येक आट्याच्या दोन्ही उतारांवर चढतो, त्यामुळे 30 मायक्रॉनला आट्याचा पिच व्यास (आट्याच्या मधल्या उंचीवर धरलेला व्यास) साधारण 0.12 मिलिमीटरने वाढतो आणि नट बसतच नाही. मास्किंग सांगा, कुठले आटे झाकायचे ते पार्टवर खूण करून दाखवा.

घासायचं काम स्वतः केलं तर पैसे वाचतात, पण अर्धवट केलं तर प्लेटरला ते आधी निस्तरावं लागतं. ट्यूबलाइटखाली पार्ट हळूहळू फिरवा आणि लाइटची रेघ बघत राहा, ती जिथे थरथरते तिथे लाट आहे, जिथे तुटते तिथे खड्डा. ब्राइट निकेल अगदी बारीक ओरखडे बुजवतं, खड्डे नाही, उलट चकाकीमुळे ते जास्तच उठून दिसतात. खोल खड्डे तांब्याचा जाड थर देऊन, घासून, परत थर देऊन भरतात, आणि जस्ताच्या ओतीव पार्टांना हे फार लागतं, म्हणून जुने दरवाज्याचे हँडल महाग पडतात. जुना क्रोम घरी ग्राइंडरने उडवू नका, धूळ छातीत जाते, काढायचं काम प्लेटरकडेच असू द्या. घरच्या घरी मुलामा द्यायचा विचारही सोडा, पारंपरिक टाकीतलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कॅन्सर करतं. हल्ली ट्रायव्हॅलंट, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या क्रोमियमचा मुलामाही मिळतो, पण त्याची झाक जरा वेगळी, त्यामुळे शेजारी शेजारी बसणारे पार्ट एकाच ठिकाणी, एकाच प्रकारात करून घ्या. खोल कोपऱ्यांत क्रोम नीट पोचत नाही, तिथे निकेलचा पिवळसर रंग दिसतो, डिझाइन करतानाच खाचा उथळ ठेवा.

देताना प्रत्येक पार्टचा फोटो, मोजून यादी, आणि छोटे पार्ट तारेत ओवून.

परत आल्यावर बसवण्याआधी बंपरच्या मागच्या बाजूला, जिथे थर पातळ असतो, प्राइमर आणि रंग मारा, पुढे मेण लावा. बोल्टखाली नायलॉनचे वॉशर टाका. पुढे कधी तपकिरी ठिपके दिसले तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, ठिपका जातो, पण छिद्र तिथेच असतं, म्हणून पुसून लगेच परत मेण.