पिरुएटची घाई झालेल्यांसाठी

बॅलेच्या क्लासला नाव घातलं की दुसऱ्या आठवड्यात प्रश्न येतोच, 'गिरकी कधी शिकवणार?' मोठेपणी शिकायला आलेल्या आमच्यासारख्यांना तर भलतीच घाई. या गिरकीला पिरुएट म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये पिरुएट म्हणजे भोवरा. पुढे गरकन फिरण्यालाच ते नाव पडलं. घोडेस्वारीतही पिरुएट असतं, घोडा जवळजवळ जागच्या जागी वळतो ते.

चौदाव्या लुईनं १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी काढली आणि बॅलेची बोली फ्रेंच झाली ती आजतागायत. म्हणून क्लासमध्ये नुसती नावं घोकू नका, अर्थ विचारून घ्या; ती नावं म्हणजे सूचनाच असतात. प्लिए म्हणजे वाकणं, रलव्हे म्हणजे वर उचलणं. आधी गुडघे वाकवायचे, मग टाच उचलून चवड्यावर चढायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या पायाचं बोट गुडघ्याशी आणायचं, ते रतिरे. पिरुएटचा निम्मा जीव इथेच आहे. न फिरता, चवड्यावर, रतिरेमध्ये स्थिर उभं राहता येत नसेल तर फिरून काय होणार? नुसतं धडपडणं.

नवख्यांचा गोंधळ होतो तो दिशेचा. 'आँ दऑर' म्हणजे बाहेरच्या बाजूला: उजवा पाय उचललाय तर उजवीकडे फिरायचं. 'आँ ददाँ' म्हणजे आत: उजवा उचलून डावीकडे, टेकलेल्या पायाच्या दिशेनं. सुरुवात बहुधा आँ दऑरनं होते.

चक्कर येऊ नये म्हणून नजर समोरच्या एका खुणेवर रोखायची. अंग वळतं, डोकं शक्य तितका वेळ मागे राहतं आणि मग झटकन सगळ्यांच्या आधी खुणेवर परत येतं. हात खांद्यांवर ठेवून, छोट्या पावलांनी, अगदी सावकाश घरी करून बघा. कथक शिकलेल्यांची नजर आधीच तयार असते, पण त्यांचे चक्कर टाचेवर. इथे टाच वर ठेवायची सवय लावताना त्यांचाही घाम निघतो.

आणि यूट्यूबवर 'स्वान लेक' या बॅलेमधल्या ३२ गिरक्या पाहून हुरळू नका. नर्तकी पिएरिना लेन्यानीनं १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्या गाजवल्या. ते फुएते, म्हणजे चाबकासारखा पाय फटकारत घेतलेल्या गिरक्या. त्यांचा नंबर फार पुढे. तुम्ही आधी एकच गिरकी घ्या, दोन्ही बाजूंना, आणि संपल्यावर न डगमगता थांबा.