अंग काढून घ्यायचं इंग्लिश: बेल, फ्लेक, कॉप आउट वापरताना या चुका टाळा

कच खाणं, कल्टी मारणं, टांग देणं, काखा वर करणं, यातला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नाही पण तो बरोब्बर कळतो. कच खाल्ली म्हणजे घाबरला, कल्टी मारली म्हणजे गुपचूप सटकला, काखा वर केल्या म्हणजे ऐन वेळी 'माझा काय संबंध' म्हणून मोकळा झाला. इंग्लिशमध्येही अशीच सगळी गँग आहे, पण आपण ते शब्द सिरीज बघता बघता उचलतो आणि सरसकट 'येणार नाही' या एकाच अर्थाने वापरतो, आणि मग क्लायंटला मेसेज जातो 'आय एम बेलिंग यू आउट टुडे' आणि तो बिचारा विचार करत बसतो की ह्याने आज मला कशातून वाचवलं बुवा.

कारण हीच सगळ्यात मोठी गडबड आहे, बेल या शब्दाची. 'बेल ऑन समवन' म्हणजे त्याला टांग देणं, ठरवून न जाणं. 'बेल समवन आउट' म्हणजे बरोब्बर उलटं, अडचणीतून बाहेर काढणं, बहुतेक वेळा पैसे देऊन. २००८ साली अमेरिकन सरकारने बुडणाऱ्या बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली ती बेलआउट म्हणूनच गाजली, तिथे कोणी कोणाला टांग दिली नव्हती (म्हणजे टॅक्स भरणाऱ्यांना वेगळं वाटत असेल, ते जाऊ दे). तिसरं 'बेल आउट ऑफ समथिंग', म्हणजे चालू गोष्टीतून उडी मारून बाहेर पडणं, हे विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारण्यावरून रुळलं. आणि कोर्टातला जामीन म्हणजे बेल तो आहेच. म्हणजे 'ही बेल्ड मी आउट' मध्ये तो देवासारखा धावून आला आणि 'ही बेल्ड ऑन मी' मध्ये त्याने फोनसुद्धा उचलला नाही. एक छोटासा शब्द इकडचा तिकडे झाला की मित्राचा शत्रू होतो. नुसतं 'आय हॅव टू बेल' म्हणालात तर मात्र साधं 'निघतो मी आता' एवढंच, ते मित्रांमध्ये बिनधास्त चालतं.

आता ऑन कुठे, आउट ऑफ कुठे आणि काहीच नको कुठे हा घोळ. माणसाला टांग दिली तर बेल ऑन, फ्लेक ऑन. कामातून किंवा ठरलेल्या गोष्टीतून निसटला तर आउट ऑफ: बॅक आउट ऑफ द डील, चिकन आउट ऑफ द ट्रेक, रिगल आउट ऑफ (वळवळत सुटका करून घेणं), वीझल आउट ऑफ (वीझल हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी, बिळातून सुळकन निसटणारा, त्यामुळे या शब्दात लबाडीचा वास आहे). घोस्ट (काही न सांगता संपर्कच तोडणं) आणि डिच (वाऱ्यावर सोडून जाणं) यांना मध्ये काही लागत नाही, 'शी घोस्टेड मी', 'दे डिच्ड अस', संपलं. आपल्याकडे हमखास दिसणारी चूक म्हणजे 'ही शर्क्ड फ्रॉम हिज रिस्पॉन्सिबिलिटी'. त्यात फ्रॉम नको. आपण 'जबाबदारीपासून' पळतो ना, म्हणून ते फ्रॉम आपोआप येतं, पण इंग्लिशमध्ये जबाबदारी थेट शर्क करतात, डॉज करतात, डक करतात. आणि वचन मोडलं तर रिनेग ऑन. याचा उच्चार शेवटी ग ने करायचा, रिनेज नाही. पत्त्यांच्या खेळातही हा शब्द आहे, मेंढीकोटात हातात त्या रंगाचं पान असून दुसरंच टाकणारा एक काका प्रत्येक घरात असतो, तो जे करतो ते रिनेग.

बॅकचं कुटुंब तर अजूनच डेंजर. बॅक आउट म्हणजे ठरलेल्यातून माघार. बॅक डाउन म्हणजे वादात नमतं घेणं. बॅक अप म्हणजे पाठीशी उभं राहणं, म्हणजे पुन्हा उलटंच. आणि बॅक ऑफ म्हणजे मागे हटणं, पण हेच समोरच्याला उद्देशून म्हटलं की ती सरळ सरळ धमकी होते, 'लांब राहा' टाइप. व्हेंडरला 'प्लीज डोन्ट बॅक आउट' लिहायचंय आणि हात चुकून 'प्लीज बॅक ऑफ' लिहून गेला तर पुढच्या कोटेशनची वाट बघू नका.

चौथी चूक म्हणजे शब्दाचं वजन न बघणं. कॉप आउट आणि ऑप्ट आउट ऐकायला सारखे वाटतात म्हणून लोक अदलाबदल करतात. ऑप्ट आउट म्हणजे फक्त 'मला यात नको', कागदोपत्री, कोणालाही राग नाही. ब्रिटनमध्ये २०१२ पासून टप्प्याटप्प्याने कंपन्यांना कर्मचारी आपोआप पेन्शन स्कीममध्ये घालावे लागले, ज्याला नको तो ऑप्ट आउट करतो, तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या लोकांनाही हा फॉर्म भेटतोच. तिथे 'आय विश टू कॉप आउट' लिहिलंत तर त्याचा अर्थ 'मी भित्रेपणाने अवघड निर्णय टाळतोय' असा होतो, एचआरला हसू येईल. कॉप आउट हा आरोप आहे. एखाद्या सिनेमाचा शेवट 'ते सगळं स्वप्न होतं' असा केला की लोक म्हणतात व्हॉट अ कॉप-आउट, म्हणजे लेखकाला सुचलं नाही म्हणून पळवाट काढली.

तसंच फ्लेक. 'सॉरी, आय फ्लेक्ड' स्वतःबद्दल मैत्रिणीला म्हणालात तर ठीक, त्यात थोडी लाज थोडं लाडिक असं चालतं, पण सहकाऱ्याबद्दल 'ही इज अ फ्लेक' म्हणालात तर तो एकदा नाही आला असं नाही, तो माणूसच भरवशाचा नाही असा शिक्का बसतो. चिकन आउट मध्ये भीती असलीच पाहिजे, पोट बिघडलं म्हणून ट्रेकला नाही गेलात तर तुम्ही चिकन आउट नाही केलंत, उगाच स्वतःला भित्रं का म्हणवून घ्यायचं. आणि 'गेट कोल्ड फीट' म्हणजे पाय गार पडले नाही, लग्न किंवा मोठा सौदा जवळ आल्यावर हिंमत गळाली. साखरपुड्यानंतर लंडनच्या थंडीबद्दल बोलताना हे वापरू नका एवढंच सांगतो.

रेन चेकबद्दल थोडक्यात. 'आय विल टेक अ रेन चेक' हा नकार नाही, 'आज नको पण पुढे नक्की' असा आहे. अमेरिकेत १९व्या शतकाच्या शेवटी बेसबॉलची मॅच पावसाने बंद पडली की त्याच तिकिटावर पुढची मॅच बघायला मिळायची, तिथून आला. ज्या लग्नाला तुम्हाला मुळात जायचंच नाही तिथे रेन चेक देऊ नका, समोरचा दुसरी तारीख विचारेल. लग्नाला दुसरी तारीख नसते हे वेगळंच. नकोच असेल तर 'आय विल पास', सुटसुटीत, कोणावर आळ नाही.

पासवरून आठवलं, 'पास द बक'. काही जण हे काम सोपवणं या अर्थी लिहितात, 'आय एम पासिंग द बक टू माय टीम', कौतुकाने, आणि बॉसला सीसी. अहो, हे म्हणजे 'मी माझी जबाबदारी टीमवर ढकलतोय' अशी लेखी कबुली झाली! बक म्हणजे इथे डॉलर नाही, पोकरमध्ये पत्ते वाटायची पाळी कोणाची ते दाखवायला समोर ठेवायची खूण, पाळी नको असेल तर पुढे सरकवायची. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या टेबलावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी होती, म्हणजे टोलवाटोलवी माझ्यापाशी संपते. ती पाटी ओक्लाहोमातल्या एका सुधारगृहात बनवलेली होती आणि १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे आली. सोपवायचं असेल तर हँड ओव्हर म्हणा, डेलिगेट म्हणा. आणि कर्ता गायब करायची युक्तीही लोक ओळखतात, 'मिस्टेक्स वेअर मेड', चुका झाल्या, कोणाकडून ते विचारू नका. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेचेच राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर संसदेसमोर हेच वाक्य थोडं वाढवून वापरलं आणि त्याची अजून चेष्टा होते, त्यामुळे प्रॉडक्शन बंद पडल्यावरच्या मेलमध्ये टाकाल तर क्लायंट हुशार आहे हे लक्षात ठेवा.

दोन शब्द कायमचे काढूनच टाका. पैज हरून पैसे बुडवणं याला 'वेल्श ऑन अ बेट' म्हणतात, वेल्सच्या लोकांना ते अपमानास्पद वाटतं आणि वेल्समधल्या कार्डिफला राहून बोललात तर तोंडावर सांगतील. दुसरा 'इंडियन गिव्हर', दिलेली वस्तू परत मागणारा. यातला इंडियन आपण नाही, अमेरिकेतले मूळ रहिवासी, त्यामुळे 'आपलाच शब्द आहे, चालतो' असं समजून विनोद करू नका.

राहिलं बंक. 'आय बंक्ड द लेक्चर' हे आपलं कॉलेजचं इंग्लिश, इकडे सगळ्यांना कळतं. ब्रिटनमध्ये बंक ऑफ म्हणतात म्हणून अंदाज येतो, पण अमेरिकन माणसाला बंक म्हणजे एकावर एक पलंग नाहीतर निव्वळ फालतू बडबड. त्याच्याशी बोलताना स्किप्ड किंवा कट क्लास. कामाला खोटं आजारपण सांगून दांडी मारली तर ब्रिटिश पुलिंग अ सिकी, ऑस्ट्रेलियन चकिंग अ सिकी, आणि खरंच ताप असेल तर कॉल्ड इन सिक. हे शेवटचं सोडून बाकीचे ऑफिसच्या चॅटवर लिहू नका, तो ग्रुप मॅनेजरही वाचतो.