एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी टपाल तिकिटं: चांगल्या अवस्थेतली कशी जमवावीत

जुन्या अमेरिकी तिकिटांचा विषय निघाला की आधी दुर्मीळ नावं पुढे येतात. १८६८ सालचं एक सेंटचं 'झेड ग्रिल' (ग्रिल म्हणजे कागदावर दाबलेली बारीक जाळी, 'झेड' हा तिचा एक प्रकार), ज्याची दोनच तिकिटं माहीत आहेत. १८६९ च्या मालिकेतली १५, २४ आणि ३० सेंटची तिकिटं, ज्यांच्या काही प्रतींत मधलं चित्र उलटं छापलं गेलं. ही माहिती जरूर करून घ्यावी, पण सुरुवात तिथून करू नये. दुर्मीळ पण फाटक्या तिकिटापेक्षा साधं पण निर्दोष तिकीट आधी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. निर्दोष म्हणजे काय हे डोळ्याला कळायला वेळ लागतो आणि ते शिकायला परवडणारं तिकीटच लागतं.

१. आधी एकच मालिका निवडा

सगळं शतक एकदम हातात घेऊ नका. अमेरिकेची पहिली सर्वसाधारण तिकिटं १ जुलै १८४७ ला निघाली: फ्रँकलिनचं पाच सेंटचं आणि वॉशिंग्टनचं दहा सेंटचं. ती देखणी आहेत, पण महाग आहेत. शिकायला मला १८५१ चं तीन सेंटचं वॉशिंग्टन सगळ्यात उत्तम वाटतं. त्या वर्षी टपालाचा दर उतरला आणि हे तिकीट घरोघरी पोचलं, म्हणून आजही ते भरपूर मिळतं. त्याच्या छपाईच्या पाट्यांवर बहुतेक तिकिटांच्या चौकटीच्या रेषा हाताने पुन्हा कोरल्या होत्या. त्यामुळे दोन तिकिटं शेजारी ठेवून भिंगातून पाहिली, तर रेषांची जाडी, कोपऱ्यांची जुळणी, सगळं वेगळं दिसतं. सुरुवातीची नारिंगी-तपकिरी छटा आणि नंतरची मळकट लाल छटा ओळखायलाही याच तिकिटावर शिकता येतं.

चित्रांची आवड असेल तर १८९३ ची कोलंबियन मालिका घ्या. शिकागोच्या प्रदर्शनासाठी एक सेंटपासून पाच डॉलरपर्यंत सोळा तिकिटं निघाली. त्यातलं दोन सेंटचं १४६ कोटींहून जास्त छापलं गेलं, तेव्हा त्याची सुबक प्रत निवडून घेण्याची चैन कुणालाही परवडते. डॉलरच्या किमतींची तिकिटं मात्र वेगळ्याच दुनियेतली.

२. सामान

टोकं चपटी आणि गुळगुळीत असलेला तिकिटांचा चिमटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, छिद्रं मोजायची पट्टी, वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली पुसट खूण, पाहायचा द्राव आणि त्यासाठी काळी बशी. जमलं तर अतिनील दिवा. आणि स्कॉट कॅटलॉग, कारण अमेरिकी तिकिटांचे क्रमांक सगळे विक्रेते त्यातलेच वापरतात. जुनी प्रत चालेल. किमती बदलतात, तिकिटांच्या खुणा बदलत नाहीत.

३. समोरची बाजू: चित्र मध्यभागी आहे का

१८५७ पूर्वीची तिकिटं बिनछिद्रांची, कात्रीने कापायची. त्यांच्या चारही बाजूंना कोरी पट्टी शिल्लक आहे का, एवढं पाहायचं. कात्री चौकटीला कुठेही लागली असेल तर किंमत झपाट्याने उतरते.

१८५७ मध्ये छिद्रं आली आणि खरी पंचाईत झाली. पाट्या कात्रीसाठी बनवलेल्या होत्या. दोन तिकिटांमध्ये जागा इतकी कमी, की छिद्रांची रांग बहुतेक वेळा चित्राला चाटून जायची. म्हणून १८५७ ते १८६१ मधलं नीट मध्यावर बसलेलं तिकीट दिसलं तर थांबून बघा. त्या काळातल्या तिकिटाची छिद्रं एका बाजूला चित्राला किंचित टेकली असतील तर तो दोष त्या काळाचा आहे. तेच १८९३ च्या तिकिटावर खपवून घेऊ नका.

कॅटलॉगमधली प्रतवारीही समजून घ्या. 'फाइन' ही वरची पायरी नाही. तिच्यावर 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन' आणि 'सुपर्ब' आहेत. स्कॉटमध्ये छापलेली किंमत साधारणपणे 'व्हेरी फाइन' प्रतीची असते. 'फाइन' तिकिटाला कुणी तीच किंमत सांगत असेल तर सौदा सोडून द्या.

४. मागची बाजू: इथे खरी परीक्षा

तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवा आणि त्यावर द्रावाचे दोन-चार थेंब टाका. कागद जिथे खरवडून पातळ झालाय, घडी पडलीय किंवा फाटलेलं चिकटवलंय, तिथे गडद डाग उमटतो. द्राव उडून जाईपर्यंत नजर हलवू नका. हे करताना खिडक्या उघड्या ठेवा. १८९५ पासूनच्या तिकिटांच्या कागदात याच पद्धतीने 'यूएसपीएस' अक्षरांचा वॉटरमार्क दिसतो. १८९४ च्या, तो नसलेल्या तिकिटांना बहुधा जास्त भाव असतो.

मग डिंक. जुन्या तिकिटाला मूळ डिंक असेल तर किंमत कित्येक पटींनी वाढते, म्हणूनच नवा डिंक लावून विकण्याचा धंदा जुना आहे. भिंगाखाली छिद्रांमधले कागदाचे दात बघा. मूळ तिकिटाला आधी डिंक लागायचा आणि मग छिद्रं पडायची, त्यामुळे दातांची टोकं कोरडी आणि तंतू सुटलेली दिसतात. नंतर लावलेला डिंक त्या तंतूंत मुरतो आणि टोकं ताठ, गुळगुळीत होतात. यासाठीच नवख्याने शिक्का मारलेलं, वापरलेलंच तिकीट घ्यावं असं मी सांगेन. डिंकाची भानगडच नाही. शिक्का हलका हवा, चेहरा झाकणारा नको.

५. बनावट ओळखा

काही खुणा पाठ करून ठेवा. १८४७ च्या तिकिटांच्या प्रतिकृती सरकारने स्वतःच १८७५ मध्ये काढल्या होत्या. पाच सेंटच्या मूळ तिकिटात फ्रँकलिनच्या सदऱ्याची झालर डावीकडे 'फाइव्ह' शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या माथ्याच्या पातळीवर चित्राभोवतीच्या लंबगोलाला टेकते, प्रतिकृतीत ती '५' या आकड्याच्या माथ्याच्या पातळीवर टेकते. १८७० च्या दशकातलं बारा सेंटचं तिकीट नॅशनल या छपाई कंपनीचं की १८७३ नंतरचं कॉन्टिनेंटल कंपनीचं, हे '२' या आकड्याच्या टोकांच्या गोळ्यांवरून कळतं. कॉन्टिनेंटलच्या तिकिटात ते चंद्रकोरीसारखे दिसतात.

ग्रिल म्हणजे १८६७ पासून कागदावर दाबलेली बारीक टोकांची जाळी. शाई आत मुरावी आणि शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये, हा हेतू. साध्या तिकिटावर खोटी जाळी उठवणं सोपं असल्यामुळे ग्रिलचं महाग तिकीट प्रमाणपत्राशिवाय घेऊच नका. छिद्रांचं तिकीट कडा कापून बिनछिद्रांचं म्हणून विकतात. शिक्क्याऐवजी मारलेली पेनाची फुली रसायनाने पुसून तिकीट कोरं म्हणून देतात, पण अतिनील प्रकाशात तिचा माग बहुधा दिसतो.

प्रमाणपत्र न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन किंवा १८८६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी यांच्यासारख्या संस्थांचं असावं. त्यावरचा फोटो हातातल्या तिकिटाशी दातागणिक ताडून बघा आणि तारीख वाचा. वीस-तीस वर्षांत तिकिटाला नवा दोष लागलेला असू शकतो. लिलावात बोली लावण्यापूर्वी 'तपासणीच्या अटीवर' घ्यायचं आहे असं कळवता येतं. तज्ज्ञांचं मत विरुद्ध गेलं तर पैसे परत मिळतात. ही सोय आधी मागितली तरच मिळते.

६. भाव आणि जपणूक

कॅटलॉगची किंमत हा अंदाज असतो. प्रत्यक्षात काय भाव आला हे पाहायला न्यूयॉर्कच्या सीगल लिलावगृहाच्या जुन्या विक्रीच्या नोंदी इंटरनेटवर उपलब्ध आहेत. घेण्यापूर्वी तेच तिकीट, त्याच प्रतीचं, शेवटच्या काही लिलावांत कितीला गेलं ते लिहून काढा. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि विमा धरून हिशोब करा.

आपल्याकडचा पावसाळा या तिकिटांचा मोठा शत्रू आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत डिंक सुटून तिकीट पानाला चिकटतं आणि कागदावर गंजासारखे तपकिरी ठिपके पडतात. पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, पॉलिएस्टरची घ्या. अल्बम उभे ठेवा, भिंतीला टेकवू नका आणि डब्यात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी वाळवा. जुन्या हिंजचा, म्हणजे तिकीट अल्बमला लावायच्या डिंकाच्या कागदी पट्टीचा, तुकडा मागे चिकटलेला असेल तर ओढून काढू नका. कागद पातळ होण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

७. पुढे जायचं तर पाकिटांकडे

सुटी तिकिटं ओळखू यायला लागली की तिकीट लावलेली पूर्ण पाकिटं बघायला लागा. आपल्याला इथे एक जवळचा धागा सापडतो. बोस्टनच्या मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला होते. अमेरिकेतून हिंदुस्थानात येणारी पत्रं तेव्हा इंग्लंडमार्गे यायची आणि पाकिटावर 'साउथॅम्प्टनमार्गे' किंवा 'मार्सेमार्गे' असं लिहिलेलं असायचं. असं पाकीट समोर आलं तर तीन गोष्टी बघा: शिक्क्याची शाई तिकिटावरून सलग पाकिटावर उतरली आहे का, तिकिटांची बेरीज त्या मार्गाच्या त्या वर्षीच्या दराशी जुळते का, आणि मागचे शिक्के तारखांच्या ओळीत बसतात का. इंग्लंडशी केलेल्या करारानुसार गेलेल्या पत्रांवर दोन टपाल खात्यांमधल्या हिशोबाचे आकडेही असतात. लाल आकडा पाठवणाऱ्या खात्याने समोरच्याला देण्याचा, काळा त्याच्याकडून घेण्याचा.