वर्गातले सामाईक टॅब आणि पुसली जाणारी कामं

आमच्या वर्गात मुलं जास्त, टॅब कमी. एक टॅब तीन मुलांत फिरतो. खरी डोकेदुखी चार्जिंगची नव्हती, ती होती एकाचं काम दुसऱ्याकडून पुसलं जाण्याची. तासभर मन लावून काढलेलं चित्र गायब झालं की त्या मुलीचा चेहरा बघवत नाही.

उपाय अँड्रॉइडमध्येच सापडला. टॅबवर एकाहून जास्त युजर करायची सोय 2012 पासून, म्हणजे 4.2 आवृत्तीपासून आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टमखाली ‘मल्टिपल युजर्स’ बघा. काही कंपन्या ही सोय देत नाहीत, तेव्हा खरेदीआधीच तपासलेलं बरं. प्रत्येक युजरच्या फायली, लॉगिन, ॲपमधलं काम सगळं वेगळं राहतं.

मग टॅबच्या पाठीवर ठळक आकड्यांचे स्टिकर लावले आणि हजेरी क्रमांकानुसार कोणाचा टॅब कोणता हे वर्षभरासाठी ठरवून टाकलं. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. युजरला नावाऐवजी चित्र दिलं: कासव, पतंग, छत्री. लहान मुलं चित्रावर बरोबर बोट ठेवतात, वाचावं लागत नाही.

युजर वाढले की स्टोरेज झपाट्याने भरतं, म्हणून तिनाच्या वर जात नाही. प्ले स्टोअरचे आपोआप होणारे अपडेट प्रत्येक युजरमध्ये बंद केलेत; ऐन तासाला सगळे टॅब एकदम डाउनलोड करू लागले की वाय-फाय बसलंच. अपडेट शाळा सुटल्यावर, चार्जिंगला लावूनच.

आयपॅड असतील तर ‘शेअर्ड आयपॅड’ ही अशीच सोय आहे, पण त्याला ॲपल स्कूल मॅनेजर (ॲपलची शाळांसाठीची वेब सेवा) आणि एमडीएम (सगळी उपकरणं एका जागेवरून सांभाळणारी प्रणाली) दोन्ही लागतात.