कबड्डी येते म्हणून रग्बी येईलच असं नाही

आमच्या शाळेची रग्बी टीम उभी राहिली ती कबड्डीच्या संघात न बसलेल्या पोरींची. कबड्डीत सात मैदानात आणि पाच राखीव, आणि सरावाला आम्ही एकोणीसजणी. एक दिवस सर पिशवीतून लांबोळा चेंडू काढत म्हणाले, "यातही सात खेळाडू, पाच राखीव. तुम्हाला धरता येतं, पाडता येतं. मग शिकायचं उरलं काय?"

काय उरलं होतं ते कळायला मला दीड वर्ष लागलं, आणि डोक्याला मारही.

तू आठवी-नववीत असशील, कबड्डी किंवा खो-खोमधून रग्बीत आली असशील, तर हे तुझ्यासाठी आहे. नियम सांगत बसत नाही. सात-सात मिनिटांचे दोन डाव, पास पुढे द्यायचा नाही, ट्रायचे (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवण्याचे) पाच गुण, हे सगळं पहिल्याच आठवड्यात कानावर पडतं. पास मागे द्यायचा हे डोक्याला लगेच कळतं, हातांना महिनाभर कळत नाही. सगळ्यांचंच तसं होतं, काळजी करू नकोस. आमची एक मैत्रीण तर पहिल्या सामन्यात चेंडू पुढे फेकून स्वतःच "आऊट!" म्हणून ओरडली होती. ती पुढे जिल्ह्याच्या संघाची कर्णधार झाली.

खो-खोच्या पोरींनी तर अजिबात घाबरू नये. खांबाजवळ हुलकावणी द्यायची सवय विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळताना, सोन्यासारखी कामाला येते. धावणाऱ्या पोरींचंही तेच. बिहारची स्वीटी कुमारी आधी धावपटूच होती. २०१९ साली मनिलात भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधराजणींच्या रग्बीतला (आपली सातजणींची, ती वेगळी) पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला, त्या संघाची कर्णधार आपल्या पुण्याची वाहबीझ भरुचा होती. आमच्या घरी "हा काय खेळ, चेंडू पण सरळ नाही" असं सुरू झालं की मी हा विजय पुढे करायचे. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं, पण चेंडू वाकडाच आहे ना?"

घोळ होतो तो कबड्डीवाल्यांचा, म्हणजे आपला. कारण आपल्याला वाटतं, आपल्याला येतं.

पहिला घोळ हसण्यासारखा आहे. कबड्डीत एकदा घोटा हातात आला की पंच शिट्टी मारेपर्यंत जीव गेला तरी सोडायचा नाही. रग्बीत उलटं. समोरची खाली पडली की तिला तत्काळ सोडायचं, बाजूला व्हायचं आणि उभं राहूनच चेंडूला हात घालायचा. मी पहिल्या चार सामन्यांत इतक्या पेनल्टी दिल्या की आमच्याच पोरी ओरडायच्या, "सोड गं बाई, सोड!" एकदा येलो कार्ड मिळालं, दोन मिनिटं बाहेर बसले. चौदा मिनिटांच्या सामन्यात दोन मिनिटं म्हणजे किती, ते बाहेर बसल्यावर कळतं. पण ही खोड शिट्ट्या ऐकून ऐकून आपोआप सुटते.

दुसरी खोड शिट्टीने सुटत नाही, कारण तिच्यासाठी शिट्टी वाजतच नाही. ती आहे डोक्याची. आता मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

कबड्डीत चढाईला आलेली पोरगी कुठे पळते? मधल्या रेषेकडे, म्हणजे तुझ्यापासून लांब. तिला अडवायचं म्हणजे तिच्या आणि रेषेच्या मध्ये आपलं अंग घालायचं. ती निसटतेय असं दिसलं की आपण तिच्या पुढ्यात झेपावतो. डोकं, खांदा, छाती, सगळं तिच्या वाटेत. वर्षानुवर्षं हेच केलेलं असतं, त्यामुळे अंगाला दुसरं सुचतच नाही. तिथे ते बऱ्यापैकी खपून जातं, कारण चढाईवाली थांबत, वळत, हुलकावण्या देत खेळते आणि तिला धरायला चारजणी असतात.

रग्बीत ती पोरगी तीस-चाळीस मीटरवरून पूर्ण वेगात येते, आणि तू एकटी असतेस. तिच्या पुढ्यात डोकं घातलंस तर ते थेट तिच्या गुडघ्यावर नाहीतर कमरेच्या हाडावर आपटतं. ती मुद्दाम काही करत नाही. ती फक्त पळत असते.

म्हणून डोकं तिच्या मागे. पळणाऱ्या अंगाच्या मागच्या बाजूला. तुझा गाल तिच्या ढुंगणाला टेकला पाहिजे. (सर "पार्श्वभागाला" म्हणायचे, आम्हाला आणखी हसू यायचं.) ती तुझ्या डाव्या बाजूने निसटत असेल तर डावा खांदा लावायचा, उजव्या बाजूने असेल तर उजवा. एवढंच. डावीकडून जाणारीला उजवा खांदा लावलास की डोकं आपोआप तिच्या पुढे जातं. विश्वास बसत नसेल तर वाचन थांबव, बहिणीला उभी कर आणि हळूच करून बघ. दोन्ही खांद्यांनी. कळेल.

आणि इथेच मी अडकले. कबड्डीत मी कायम उजव्या कोपऱ्यात. सगळ्या पकडी एकाच अंगाने, सगळा जोर उजव्या खांद्यात. डावा खांदा म्हणजे दप्तर अडकवायला. सरावातही मी अशी उभी राहायचे की समोरची उजवीकडूनच येईल. पोती पाडताना तर विचारूच नकोस. आमच्याकडे टॅकल, म्हणजे समोरचीला धरून पाडणं, शिकायच्या बॅग नव्हत्या, खताच्या पोत्यांत उसाचं पाचट ठासून भरलेलं. मी ती उजव्या खांद्याने अशी पाडायचे की सर बाकीच्यांना म्हणायचे, "हिच्याकडून शिका." पोतं पळत नाही आणि पोत्याला गुडघे नसतात, हे तेव्हा ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

सरांना मी दोष देत नाही. खरं सांगायचं तर थोडा देते. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी आम्हाला खेळ शिकवला, स्वतःच्या पगारातून चेंडू आणले, तेवढं दुसऱ्या कुणीच केलं नसतं. पण "तुम्हाला टॅकल येतोच" हे ते म्हणाले नसते तर बरं झालं असतं. माझं तेव्हापासून ठाम मत आहे की जो शिकवणारा पहिले दोन आठवडे टॅकल गुडघ्यांवर बसून करून घेत नाही, त्याच्याकडे बाकी सगळं शिकावं, टॅकल शिकू नये. त्यासाठी दुसरं कुणीतरी शोध. शेजारच्या गावातली मोठी ताई चालेल, एखाद्या क्लबची खेळाडू चालेल. रीलमधले ते धडाधड आपटण्याचे व्हिडिओ तर बघूच नकोस. त्यातले निम्मे टॅकल चुकीचे असतात, उरलेले आपल्या अंगाला झेपणारे नसतात.

तर तो दिवस. निवड चाचणीआधीचा शेवटचा सामना. मैदान मुरमाचं, दुपारचे दोन. समोरची विंग माझ्या डावीकडून निघाली. मी झेपावले, उजवा खांदा, डोकं तिच्या पुढ्यात. तिचा गुडघा माझ्या कानाच्या वर लागला. मी तिला पाडलं, हे मला इतरांनी सांगितलं. टाळ्या पडल्या म्हणे.

मी उठले. सरांनी लांबूनच अंगठा दाखवून विचारलं, मीही अंगठा दाखवला. दुसरा डाव पूर्ण खेळले. त्या डावातलं मला आजही काही आठवत नाही. परतीच्या एसटीत मैत्रिणीला तीनदा विचारलं म्हणे, "आपण जिंकलो का?" तिला वाटलं मी चेष्टा करतेय. घरी जाऊन डोकेदुखीची गोळी घेतली आणि झोपले. आईला सांगितलं, उन्हाने डोकं दुखतंय. सांगितलं असतं तर चाचणीला पाठवलं नसतं ना.

हा मूर्खपणा होता. मऊ शब्दात सांगणार नाही.

चाचणी परवावर होती. दुसऱ्या दिवशी वर्गातली ट्यूबलाइट डोळ्यात सुयांसारखी टोचायला लागली, घटक चाचणीचा पेपर तीनदा वाचला तरी प्रश्न कळेना, आणि मधल्या सुट्टीत डबा उलटून पडला. मग बाईंनी आईला बोलावलं. डॉक्टरांनी मेंदूला हादरा बसल्याचं, म्हणजे कन्कशनचं, निदान केलं. चाचणी गेलीच, वर दीड महिना मैदान बंद.

तेव्हा हे पाठ कर. डोक्याला मार लागून गरगरलं, अंधारी आली, काही आठवेनासं झालं, उजेड-आवाज सोसेना, उगाच रडू येतंय, असं यातलं एकही झालं तर त्या दिवशी पुन्हा मैदानात जायचं नाही. "बरं वाटतंय आता" म्हणूनही नाही. संशय आला तरी खेळाडू बाहेर, हा जगभरातल्या रग्बीचा नियम आहे, आपल्या सरांची मर्जी नव्हे. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झोपेतून जागी होईना किंवा असंबद्ध बोलायला लागली, तर लगेच दवाखाना. गोळी घेऊन दुखणं झाकायचं नाही. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पुन्हा सामना खेळायला कमीत कमी तीन आठवडे जावे लागतात, तेही डॉक्टरांनी होकार दिल्यावर आणि पायरीपायरीने. आधी चालणं, मग धावणं, मग पास, सगळ्यात शेवटी टॅकल. पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं.

आणि मैत्रीण तीनदा तोच प्रश्न विचारत असेल तर ती चेष्टा समजू नकोस. सरांना सांग. चुगली होत नाही ती.

घाबरलीस? इतकीही घाबरू नकोस. त्यानंतर मी तीन वर्षं खेळतेय, डोक्याला पुन्हा मार नाही. टॅकल नीट शिकलेली पोरगी बारीक असली तरी धिप्पाडीला सुरक्षित पाडते. आमची सर्वांत चांगली टॅकल करणारी चाळीस किलोचीसुद्धा नव्हती. ती खाली जायची, पाय आवळायची आणि समोरचीचा वेगच समोरचीला पाडायचा.

मला सुधारलं ते एका ताईने. ती आमच्याच शाळेतून पुढे गेलेली, सुट्टीत घरी आलेली. तिने मला पोत्यांपासून लांब नेलं, गवतावर गुडघ्यांवर बसवलं, स्वतःही बसली आणि माझ्या डावीकडून गुडघ्यांवर रांगत जायला लागली. मी डावा खांदा लावायचा, डोकं मागे, आणि लावताना मोठ्याने "मागं!" म्हणायचं. रोज तीस वेळा डावीकडून, दहा वेळा उजवीकडून. मग चालत. मग हळू पळत. आठ दिवस मला ते लहान पोरांचं वाटलं, लाज वाटली, आजूबाजूला क्रिकेट खेळणारी पोरं हसायची. नवव्या दिवशी एका पोराने विचारलं, "आम्हाला शिकवाल का?"

किरकोळ गोष्टी पटापट सांगते. माउथगार्ड घे, गरम पाण्यात मऊ करून दाताला बसवायचा, साधाच पुरे. बुटांच्या नादात माउथगार्ड टाळू नकोस. फुटबॉलचे स्टड चालतात, पण घासून धारदार झालेले पंच तपासतात. कानातलं, नथ, बांगडी, सगळं काढून ठेवायचं, नवीन टोचलेल्या कानावर पट्टी चिकटवून भागत नाही. वेणी घट्ट. आतले कपडे घट्ट आणि चांगल्या प्रतीचे, यात पैसे वाचवू नकोस, आणि आईला बोलायला लाजू नकोस. मुरमाच्या मैदानावर कोपरं सोलवटतातच, त्यावर हळद दाबण्याआधी खडे धुऊन काढ. पाळीत खेळायचं की नाही ते तुझं तू ठरव, कुणाला कारण देत बसू नकोस.

दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी येत असशील तरी ये, त्यात वाईट काही नाही. फक्त कुठली स्पर्धा धरतात हे वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेत विचार, कारण प्रत्येक चषक त्यात बसत नाही. आणि "थोडे पैसे द्या, सर्टिफिकेट मिळेल" म्हणणारा काका भेटला तर तिथून निघ. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या प्रकरणांत आपल्या राज्यात लागलेल्या नोकऱ्या गेल्यात.

मी मात्र अजूनही सामन्यात टॅकलला जाताना "मागं!" म्हणते, सुटतच नाही ते. माउथगार्डमुळे शेवटचा "गं" गिळला जातो. मागच्या वर्षी मुंबईच्या संघातली एक पोरगी सामना संपल्यावर हात मिळवायला आली आणि खूप काळजीने म्हणाली, "तू हर बार माँ को क्यों बुलाती है?"